राक्षसाशी घासाघीस

जपानी रोल-प्लेइंग गेम म्हटलं की लोकांना तलवारी आणि जादू आठवते. मला आठवते घासाघीस. जपानी मी पुण्यात शिकलो खरा, पण त्या भाषेतली दरडावणी आणि लाडीगोडी शिकवली ‘शिन मेगामी तेनसेई’नं. सुपर फॅमिकॉम या गेम-यंत्रावरचा हा 1992 चा गेम अधिकृतपणे इंग्रजीत आला तो थेट 2014 मध्ये. तोवर मांडीवर शब्दकोश घेऊन बसायचं, दुसरा इलाज नव्हता.

अशा गेममधलं बोलणं आधी फारच बिनधोक होतं. ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये (1986) ‘बोला’ निवडलं की पुढचा प्रश्न यायचा: कुठल्या दिशेला? अख्खा गेम 64 किलोबाइटांत कोंबायचा, त्यात नायकाच्या पाठीची नि कुशीची चित्रं कुठून परवडणार? गडी कुठंही चालला तरी तोंड आपल्याकडेच. मग समोर कोण उभं आहे ते आपणच सांगायचं. गावकरी एक वाक्य बोलायचा, शंभरदा विचारलं तरी तेच.

‘फायनल फँटसी 2’नं (1988) एक पाऊल पुढं टाकलं. कुणाच्या बोलण्यातला महत्त्वाचा शब्द ‘लक्षात ठेवायचा’ आणि दुसऱ्यापुढं काढायचा. राजकन्या हिल्डा बंडखोरांचा सांकेतिक शब्द देते, रानगुलाब. शत्रूच्या ताब्यातल्या फिन शहरात, दारूच्या गुत्त्यात तो उच्चारला की आतली खोली उघडते आणि तिथं राजपुत्र स्कॉट जखमी पडलेला सापडतो. कल्पना सुरेख, पण शब्द चुकला म्हणून खिशाला चाट बसत नाही.

ती बसवली अ‍ॅटलस या कंपनीनं. आया निशितानींच्या कादंबरीत एक शाळकरी पोरगा कॉम्प्युटरवरून राक्षस बोलावतो; तिच्यावरून 1987 मध्ये फॅमिकॉमवर ‘मेगामी तेनसेई’ आला. समोर आलेल्या राक्षसाला मारायचं की त्याच्याशी बोलायचं, हे खेळणाऱ्यावर सोडलं. 1992 च्या ‘शिन मेगामी तेनसेई’मध्ये हा प्रकार पुरता मुरला. समजा, एक परी वाट अडवते. दरडावावं की गोडीत घ्यावं? गोडीत घेतलं, तर ती मक्का मागते, म्हणजे तिथला पैसा. दिला. आणखी मागते. तोही दिला. मग एखादी वस्तू. आणि सगळं पदरात पडल्यावर खुशाल निघून जाते! पौर्णिमेला तर बोलण्यात अर्थच नाही. त्या रात्री राक्षस इतके चेकाळलेले असतात की ऐकूनच घेत नाहीत. बरं, पटवून सोबत घेतला तरी त्याला पोसणं आलंच, पावलागणिक मॅग्नेटाइट नावाचं त्याचं खाद्य खर्ची पडतं.

या गेममधल्या राक्षसांच्या यादीत काली, शिव आणि विष्णूही आहेत, सरसकट ‘राक्षस’ म्हणून. आमच्या आईला हे मी कधी दाखवलं नाही.

खरी गंमत पुढं आहे. एवढ्या मिनतवाऱ्या करून जोडलेला साथीदार फार दिवस ठेवता येत नाही, कारण पुढचे शत्रू त्याला पुरून उरतात. मग तो दुसऱ्या साथीदारासोबत एका पंथाच्या वाड्यात न्यायचा आणि दोघांचा मिळून तिसरा घडवायचा. पैसे खाऊन पळणाऱ्या परीपेक्षा आपण फारसे बरे नाही, हे तिथं आपसूक कळतं. कुणी व्याख्यान देत नाही.

अ‍ॅटलसच्याच ‘पर्सोना’त (1996) बोलणी करणारी शाळकरी पोरं आली, प्रत्येकाची तऱ्हा निराळी, त्यांतला मार्क तर राक्षसापुढं चक्क नाचतो. 2006 च्या ‘पर्सोना 3’मधून मात्र राक्षसांशी बोलणं गेलं आणि दोस्ती आली. वर्गमित्राला हवं ते उत्तर दिलं की नातं एकेक पायरी चढतं, एकूण दहा. लोकांना ते फार आवडलं. मला त्यात खातेवहीचा वास येतो.

‘पर्सोना 5’मध्ये (2016) घासाघीस परतली, पण बाजू उलटली. आता राक्षस आधी लोळवायचे, चहूबाजूंनी घेरून बंदुका रोखायच्या आणि मग विचारायचं: पैसे देतोस, वस्तू देतोस की आमच्यात येतोस? गयावया करायची पाळी त्यांची.