सर्व्हरने गृहीत धरलेली लिपी
मायएसक्यूएल हा डेटाबेस १९९५ साली एका स्वीडिश कंपनीने आणला. सर्व्हर बसवताना कुणी वेगळे सांगितले नाही, तर तो लॅटिन-१ ही वर्णसंहिता आणि स्वीडिश वर्णक्रम धरून चाले. जन्मस्थळी ही निवड रास्त होती. सर्व्हर जगभर पसरला, तेव्हा तीच इतरांवर लादली गेली. लॅटिन-१मध्ये जास्तीत जास्त २५६ चिन्हे मावतात आणि त्यांत देवनागरी नाही. नियम सैल ठेवलेला सर्व्हर अशा रकान्यात मराठी अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे साठवी, आणि मूळ मजकूर कायमचा जाई.

सेटिंग बदलण्याची मुभा होतीच, असा आक्षेप येईल. पण मुभा जाणकाराच्याच कामी येते. बाकीचे जे हाती येईल तेच वापरतात. देवनागरीसह जगभरच्या लिप्या सामावणारा युनिकोड जागा खातो, हा दुसरा आक्षेपही अर्धाच खरा आहे: त्याच्या यूटीएफ-८ या रूपात देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात, इंग्रजी अक्षराला मात्र पूर्वीइतकाच एक. मायएसक्यूएलच्या २०१८च्या ८.० आवृत्तीने चार बाइटांपर्यंतचा पूर्ण यूटीएफ-८ मूळ सेटिंग म्हणून स्वीकारला. जुने तक्ते त्यामुळे आपोआप बदलले नाहीत, तरी नव्या तक्त्यांत मराठीला हक्काची जागा मिळाली. मूळ सेटिंग ठरवणारा कुणाची भाषा गृहीत धरायची हेच ठरवत असतो. म्हणून ती जबाबदारी सर्व्हर घडवणाऱ्यांनीच उचलली पाहिजे.