मिश्रीची डबी आणि बाळाचं वजन

लहानपणी आमच्या गल्लीत दुपारच्याला सगळ्यांना ठसका लागायचा. आजी मागच्या चुलीवर जुन्या तव्यात तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, मग कुटून डबीत भरायची. मिश्री न्यायला शेजारणी यायच्या, त्यात पोटुशी सुनाही असायच्या. त्यांना कुणी अडवत नसे. उलट मळमळ थांबते, पोट साफ होतं म्हणून सासूच चिमूट द्यायची. माझ्या काकूची दोन बाळं पोटातच गेली. घरात निदान एकच, नजर लागली. मिश्रीमुळेच गेली असं मी म्हणत नाही, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पण त्या डबीकडे कुणी संशयानं पाहिलंसुद्धा नाही, हे मात्र खरं.

तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली. गर्भाला तिचा त्रास होतो हे जगाला कळायला मात्र विसावं शतक अर्धं सरावं लागलं. १९५७ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात सिम्प्सन नावाच्या डॉक्टरीणबाईंनी दाखवलं की सिगारेट ओढणाऱ्या आयांची बाळं अपुऱ्या दिवसांची जन्मण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट आहे. १९८४ साली तिकडे कायदा झाला आणि गरोदर बायांसाठीचा इशारा पाकिटावर आला.

आपण तो धडा घेतला, पण सिगारेटसकट. मागे बातमीसाठी एका दवाखान्यात गेलो होतो. गरोदर बायांची नोंद चाललेली. "बिडी-सिगारेट ओढता का?" सगळ्यांचं उत्तर, "नाही बाई." खोटं कुणीच बोलत नव्हतं. मिश्रीचं विचारलंच नव्हतं. आणि मिश्री म्हणजे व्यसन थोडंच, ते तर दात घासणं!

मिश्रीचा हिशेब मांडला गेला तो मुंबईत. डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी १२१७ गरोदर बायांची नोंद ठेवली. तंबाखू खाणाऱ्या-लावणाऱ्यांत बहुतेक मिश्रीवाल्याच होत्या. २००४ साली निकाल छापून आला. त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी आणि सहा दिवस आधी जन्मलेली. दोन वर्षांनी त्याच अभ्यासातून पुढचं कळलं, मृत बाळ जन्मण्याचा धोका अडीच पटींहून जास्त. हे वाचलं तेव्हा काकू आठवली.

मधल्या काळात कायदे झाले. २००३ चा तंबाखू कायदा, २००९ पासून पाकिटावर चित्रं, २०१२ ला राज्यात गुटखाबंदी. पण बाजारच्या दिवशी सुटी तंबाखू रद्दीच्या कागदात बांधून मिळते. त्यावर कसलं चित्र! (कागद कधीकधी आमच्याच पेपरचा असतो.)

सोडायचं म्हटलं तर डोकं दुखतं, पोट साफ होत नाही, चिडचिड होते. दहा-बारा दिवस कठीण जातात. कोणी निग्रहानं नऊ महिने सोडतेही. मग बाळंतपणाला माहेरी जाते, रात्रीची जागरणं सुरू होतात आणि आईच डबी पुढे करते. निकोटीन अंगावरच्या दुधातही उतरतं, हे त्या आईला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून आशाताईंनो, एकट्या पोरीला समजावू नका. तिची आई आणि सासू, दोघींना शेजारी बसवा. आणि "मिश्री लावतेस का गं?" असंच विचारा. तंबाखू सोडण्यासाठी सरकारी फोन आहे, १८००-११-२३५६. पैसे पडत नाहीत.