पर्लच्या मॉड्यूलांचं बिऱ्हाड

पर्ल ही प्रोग्रामिंग भाषा लॅरी वॉल यांनी डिसेंबर १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. मोठमोठ्या फाइली चाळून हवा तो मजकूर काढायचा आणि त्याचा अहवाल मांडायचा, हे तिचं मूळ काम. पुढे युनिक्स सांभाळणाऱ्या मंडळींना तिच्यातून डेटाबेसशीही बोलायचं होतं, आणि आपल्या विषयाचं, म्हणजे एका पर्लवरून दुसऱ्यावर मॉड्यूलं नेण्याचं, मूळ तिथे सापडतं. पर्ल ४ च्या काळात भाषेला बाहेरून जोड द्यायची तर सी भाषेत लिहिलेला तुकडा पर्लच्या पोटातच घालावा लागे आणि सगळं नव्याने कंपाइल करावं लागे. ओरॅकल या डेटाबेससाठी 'ओरापर्ल' निघालं, सायबेस या डेटाबेससाठी 'सायबपर्ल', टर्मिनलच्या पडद्यावर मांडणी करण्यासाठी 'कर्सपर्ल'. ही एकेक स्वतंत्र पर्लच होती. एकाच स्क्रिप्टला ओरॅकल आणि सायबेस दोन्ही हवे असले, तर दोन्ही तुकडे घातलेलं तिसरं पर्ल बांधायचं. एका यंत्रावर अनेक पर्ल नांदण्याची अडचण आजची वाटते, पण मॉड्यूल नावाची गोष्ट अस्तित्वात येण्याआधीपासून ती होती.

१७ ऑक्टोबर १९९४ ला पर्ल ५ आलं आणि जोड भाषेपासून सुटी झाली. ती आता मॉड्यूल म्हणून वेगळ्या फाइलीत राहू लागली आणि प्रोग्रॅम चालू असताना हवं तेव्हा आत ओढून घेता येऊ लागली. टिम बन्स यांच्या डीबीआय मॉड्यूलने डेटाबेसांसाठी एक समान दार उघडलं आणि वेगवेगळ्या पर्लांची गरज संपत गेली. ओरॅकलच्या ड्रायव्हरसोबत ओरापर्लची नक्कल करणारं एक छोटं मॉड्यूलही दिलेलं होतं, जुन्या स्क्रिप्ट अडू नयेत म्हणून. जुन्याला असं सांभाळून घेणं हा पर्लच्या लोकांचा गुण मला फार मोलाचा वाटतो.

मग मॉड्यूल ठेवायची सामायिक जागा हवी झाली. टेक या मुद्रणप्रणालीची मंडळी सीटॅन नावाचं भांडार चालवत होती. त्याच धर्तीवर ऑक्टोबर १९९५ मध्ये सीपॅन जाहीर झालं. त्याचा मुख्य सर्व्हर फिनलंडच्या फुनेट या जाळ्यावर होता आणि तो यार्को हिएतानिएमी पाहत. आंद्रेआस कोनिग यांनी लेखकांना मॉड्यूल चढवण्याची सोय करून दिली आणि ती उतरवून बसवणारं 'सीपॅन' याच नावाचं मॉड्यूलही लिहिलं. १९९७ मध्ये पर्ल ५.००४ सोबत ते घरोघर पोचलं. मॉड्यूलचं नाव सांगायचं, बाकी उतरवणं, बांधणं, तपासणं, बसवणं ते करणार.

अडचण उभी राहिली ती पर्लची नवी आवृत्ती आल्यावर. वर्षभर एकेक करून बसवलेली शंभरेक मॉड्यूलं जुन्या पर्लच्या फोल्डरात, आणि नवं पर्ल रिकामं. फोल्डर उचलून नव्या जागी ठेवावा, असं कुणालाही वाटेल. काही मॉड्यूलांच्या बाबतीत ते चालतंही, कारण ती निव्वळ पर्लमध्ये लिहिलेली असतात. पण सी भाषेतला भाग असलेलं मॉड्यूल ज्या पर्लसाठी कंपाइल झालं, त्या पर्लच्या अंतर्गत रचनेला जखडलेलं असतं. घर बदलताना भांडीकुंडी नेता येतात, पण भिंतीत बसवलेलं कपाट नव्या भिंतीच्या मापानं पुन्हा करून घ्यावं लागतं, तसंच हे. ५.८.१ वरून ५.८.८ वर जाताना मापं तीच राहत, ५.८ वरून ५.१० वर जाताना बदलत. आवृत्ती तीच असली तरी एक पर्ल थ्रेडसह बांधलेलं आणि दुसरं थ्रेडविना असलं, की दोघांची मापं जुळत नाहीत. म्हणून तर मॉड्यूलांच्या फोल्डरांच्या नावांत आवृत्ती, प्रोसेसरचा प्रकार आणि 'थ्रेड-मल्टी'सारखी शेपटी दिसते. पूर्वी अशी चूक झाली की प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी कोसळे. २०१५ च्या ५.२२ पासून पर्ल मॉड्यूल आत घेतानाच खूण पडताळतं, आणि ती जुळली नाही तर मिळालेली खूण कोणती आणि हवी होती ती कोणती, हे सांगून थांबतं.

म्हणून न्यायची असते ती मॉड्यूलांची यादी. मला या साऱ्या इतिहासात सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट कोनिग यांच्या त्या मॉड्यूलमध्येच दडलेली आहे, 'ऑटोबंडल' नावाची आज्ञा. ती दिली की पर्ल आपले सगळे फोल्डर धुंडाळतं, त्यांतली सीपॅनवर उपलब्ध असलेली मॉड्यूलं वेचतं आणि 'स्नॅपशॉट' हे नाव व त्या दिवसाची तारीख लावून एक फाइल लिहितं. एका ओळीत एक मॉड्यूल, पुढे त्याची आवृत्ती. ही फाइल स्वतःच मॉड्यूलच्या रूपात असते. ती नव्या पर्लच्या हाती द्यायची आणि 'बसव' म्हणायचं, की आतलं सगळं एकामागून एक नव्याने बांधलं जातं.

तिच्या शेजारी 'रीकंपाइल' ही आज्ञा आहे. तिच्या माहितीत जो प्रसंग सांगितला आहे, त्यावरून त्या काळच्या संगणकखोल्या डोळ्यांपुढे येतात. दोन वेगळ्या जातीची यंत्रं, पण पर्लचा सामायिक साठा एकच. पहिल्या यंत्रावर ऑटोबंडलच्या यादीतलं सगळं बसवलं. दुसऱ्यावर तेच करायला गेलं तर उत्तर येतं, सगळं अद्ययावत आहे. पर्लच्या लेखी फाइली जागेवर आहेत, प्रत्यक्षात सी भाषेतला भाग पहिल्याच यंत्रापुरता बांधलेला आहे. अशा वेळी रीकंपाइल म्हणायचं, म्हणजे तेवढीच मॉड्यूलं सक्तीनं पुन्हा बांधली जातात.

पुढची अडचण मालकीची होती. लिनक्स पसरलं तसं पर्ल कार्यप्रणालीचंच अंग झालं. डेबियनमध्ये पर्लचा गाभा काढता न येणाऱ्या पॅकेजांत मोडतो आणि पॅकेज बसवताना प्रश्न विचारणारं डेबकॉन्फ पर्लमध्येच लिहिलेलं आहे. त्या पर्लची मॉड्यूलं आपल्या कामासाठी बदलायची म्हणजे कार्यप्रणालीच्या हातातलं अवजार बदलणं. शिवाय कार्यप्रणालीचं पर्ल जुनं असे: रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ५ वर ५.८.८, आणि ५.८ ही मालिका तर २००२ पासूनची. मॅट ट्राउट यांच्या 'लोकल-लिब'ने निदान मॉड्यूलं वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरात आणली. मुख्य पर्लला हात न लावता आणि प्रशासकाचा पासवर्ड न मागता काम होऊ लागलं.

२०१० हे वर्ष मात्र कलाटणीचं. एप्रिलमध्ये ५.१२ आलं आणि तिथून पर्लची मोठी आवृत्ती दरवर्षी निघू लागली, म्हणजे स्थलांतरही दरवर्षी आलं. त्याच वर्षी तात्सुहिको मियागावा यांचं 'सीपॅन-मायनस' आलं, काहीही विचारत न बसता मॉड्यूल बसवणारं. तैवानच्या कांग-मिन लियू यांचं 'पर्लब्रू'ही त्याच वर्षीचं. पर्लब्रू घरच्या फोल्डरात हवी तितकी पर्ल बांधतं, प्रत्येकाची मॉड्यूलं वेगळी ठेवतं आणि एका आज्ञेसरशी एका पर्लवरून दुसऱ्यावर नेतं. स्थलांतरासाठी त्यात 'लिस्ट-मॉड्यूल्स' आहे: जुन्या पर्लकडून नावं घ्यायची आणि पाइप लावून नव्या पर्लच्या सीपॅन-मायनसकडे सोडायची. म्हणजे ऑटोबंडलचीच कल्पना, फक्त मधली फाइल गेली.

पण या दोन्ही याद्यांत एक उणीव होती आणि ती लहान नव्हती. ऑटोबंडलच्या फाइलीत आवृत्ती लिहिलेली असे, तरी बसवताना सीपॅनवरची ताजी आवृत्तीच येई. पर्लब्रूच्या यादीत तर नुसती नावं. नव्या पर्लवर प्रोग्रॅम बिघडला, तर दोष नव्या पर्लचा की त्याबरोबर नकळत बदललेल्या मॉड्यूलांचा, हे कळायला मार्ग नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा दुरुस्तीचा पहिला नियम तिथे मोडत होता.

मियागावा यांनी २०११ मध्ये 'कार्टन' सुरू केलं ते यासाठी. प्रेरणा रूबी भाषेच्या बंडलरची. प्रकल्पाला काय हवं ते एका फाइलीत माणूस लिहितो. प्रत्यक्षात काय बसलं, त्या मॉड्यूलांना लागणारी आणखी कोणती मॉड्यूलं आली आणि प्रत्येक गठ्ठा सीपॅनवरच्या नेमक्या कुठल्या फाइलीतून आला, हे दुसऱ्या फाइलीत कार्टन लिहितं. तिच्याही नावात स्नॅपशॉट आहे. ती प्रकल्पाच्या कोडसोबत जपली, की पर्ल बदलूनही तीच मॉड्यूलं, त्याच आवृत्तीची, नव्याने बांधून मिळतात. लेखकाने आपली जुनी आवृत्ती सीपॅनवरून काढून टाकली असली तरी वाट बंद होत नाही, कारण काढलेल्या फाइली बॅकपॅन या भांडारात जतन केलेल्या असतात आणि स्नॅपशॉटमध्ये लिहिलेला पत्ता तिथेही लागू पडतो.