मोठ्या आतड्याच्या कर्करोगानंतर अंडाशयाची देखरेख

मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून बरी झालेली स्त्री पाठपुराव्यासाठी कर्करोगतज्ज्ञाकडे जाते, तेव्हा अंडाशयाचा विषय क्वचितच निघतो. आणि स्त्रीरोगतज्ज्ञापर्यंत आतड्याच्या जुन्या आजाराची कागदपत्रे पोहोचतातच असे नाही. तापीकाठच्या बुऱ्हाणपूरहून उपचारासाठी इंदूर किंवा रेल्वेने सुमारे ५०० किलोमीटरवरील मुंबई गाठणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत ही फट अधिकच रुंदावते. शस्त्रक्रिया एका शहरात आणि पुढची सोनोग्राफी दुसऱ्याच शहरात होते.

अंडाशयाला धोका दोन वाटांनी संभवतो. पहिली वाट मूळ रोगाच्या प्रसाराची. पहिल्या पाच वर्षांतील ठरावीक सीटी स्कॅन आणि रक्तातील सीईए तपासणी यांचा रोख मुख्यत्वे तिच्याकडेच असतो. दुसरी आनुवंशिक, आणि दुर्लक्ष होते ते हिच्याकडे. लिंच सिंड्रोम या जनुकीय दोषात आतड्यासह गर्भाशय व अंडाशयाच्या कर्करोगाची शक्यता वाढते. अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनुसार एमएसएच२ या जनुकात दोष असल्यास अंडाशयाच्या कर्करोगाचा आयुष्यभराचा धोका ८ ते ३८ टक्के, तर पीएमएस२ मध्ये तो ३ टक्क्यांच्या आतच राहतो. त्यामुळे नुसते ‘लिंच’ एवढे निदान पुरेसे नाही. कोणते जनुक, हे कळायला हवे.

या शोधाची सुरुवात नव्या सुईने होत नाही. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात, म्हणजे ‘ब्लॉक’मध्ये, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सहसा जपून ठेवलेला असतो. त्यावर ‘एमएमआर’ प्रथिनांची तपासणी करता येते. अहवालात ही तपासणी नसेल, तर ती झाली का, असे स्पष्टपणे विचारावे. प्रथिन आढळले नाही म्हणजे दोष आनुवंशिकच, असेही नव्हे. तो रक्ताच्या जनुकीय चाचणीनेच ठरतो. दोष निश्चित झाल्यास मुली, बहिणी आणि भाऊ यांच्याही चाचणीचा प्रश्न येतो.

दरवर्षी सोनोग्राफी आणि सीए-१२५ केले की निर्धास्त, हा समज मात्र खरा नाही. ब्रिटनमध्ये सामान्य जोखमीच्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीच्या २०२१ मधील निष्कर्षांत, अशा तपासण्यांनी अंडाशयाच्या कर्करोगाचे मृत्यू घटल्याचे दिसले नाही. लिंचच्या रुग्णांतही त्यांची उपयुक्तता सिद्ध झालेली नाही. म्हणून एमएसएच२ किंवा एमएलएच१ मध्ये दोष असलेल्या स्त्रीशी, अपत्यप्राप्तीचा विचार पूर्ण झाल्यावर, साधारण चाळिशीच्या सुमारास गर्भाशय व अंडाशये काढण्याविषयी चर्चा केली जाते. त्यातून रजोनिवृत्ती एकाएकी येते. हाडे, हृदय, झोप यांवर तिचे परिणाम होतात आणि संप्रेरकपूरक उपचारांचा निर्णय आधीच घेणे हिताचे ठरते. गुदाशयाच्या कर्करोगासाठी ओटीपोटावर किरणोपचार झाले असतील, तर अंडाशये शस्त्रक्रियेविनाही निकामी होऊ शकतात.

पोट सतत फुगणे, थोडे खाल्ल्यावर पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवी लागणे: दोन-तीन आठवडे टिकल्यास यांना ‘गॅस’ म्हणून सोडू नये. रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव तर एकदाच झाला तरी दाखवावा. पहिल्या भेटीतच शस्त्रक्रियेचा अहवाल आणि ब्लॉकचा क्रमांक स्त्रीरोगतज्ज्ञापुढे ठेवावा.