शिवसागरातली फेरी

तापोळ्याच्या किंवा बामणोलीच्या धक्क्यावर होडीत पाय टाकला की बहुतेक पर्यटक नावाड्याला एकच प्रश्न विचारतात, “इथं पाणी किती खोल आहे?” माझ्या वडिलांनी, आमच्या आबांनी, याचं उत्तर कधी फुटांत दिलं नाही. वल्हं थांबवून ते सांगत, “हितं खाली भाताची खाचरं हायेत.” पुढे गेल्यावर म्हणत, “हितं मारुतीचं देऊळ हुतं.” ऐकणारा हसायचा, त्याला ती गंमत वाटायची. आबा मात्र त्याला खरोखरची वाट दाखवत असत. तीस वर्षं त्यांनी होडी चालवली ती जुन्या गावाच्या खुणांवर. कुठल्या आंब्याचा बुंधा पाण्याखाली उभा आहे आणि उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर तो होडीच्या तळाला कुठे लागेल, हे त्यांना डोळे मिटून कळे.

माझा जन्म 1957 सालचा. त्याच्या आदल्या वर्षी कोयना धरणाचं बांधकाम सुरू झालं होतं. कोयना नदीची चाल वेगळी आहे. महाबळेश्वरला कृष्णेच्या शेजारीच ती उगम पावते, पण कृष्णेसारखी पूर्वेच्या पठारावर उतरत नाही. सह्याद्रीच्या मुख्य रांगेला चिकटून ती सुमारे 65 किलोमीटर सरळ दक्षिणेला वाहते, हेळवाकजवळ काटकोनात वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. एवढा मोठा प्रवाह डोंगराच्या अगदी कडेने जातो आणि पलीकडे कोकण शेकडो मीटर खाली आहे. मधल्या रांगेला बोगदा पाडून पाणी पश्चिमेला सोडलं की वीज तयार. पोफळीचं वीजघर याच हिशेबावर उभं राहिलं आणि त्याच हिशेबात आमचं खोरं बुडालं. 103 मीटर उंचीच्या भिंतीमागे 1961-62 पासून पाणी साठू लागलं. जलाशयाला शिवरायांचं नाव दिलं गेलं, शिवसागर. आजची साठवणक्षमता 105 टीएमसी आहे. धरणाला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात. राज्याचे कारखाने आणि शहरांतले दिवे या विजेवर चालले, ते मी नाकारत नाही.

पण त्या वेळी पुनर्वसनाचा कायदा नव्हता. महाराष्ट्राने तो केला 1976 साली, कोयनेचं पाणी भरून बारा-पंधरा वर्षं उलटल्यावर. आमच्यातली काही कुटुंबं सोलापूर, सांगलीकडे गेली, काही घाट उतरून रायगड, ठाण्याकडे. आम्ही वर सरकलो. पाणी जसं चढेल तसं घराचे वासे, कौलं, दार डोक्यावर घेऊन डोंगराला चढायचं. आजीने तीनदा चूल मांडली. खालची जमीन भाताची होती. वर मिळाली ती नाचणी, वरीची, उतरती, पाऊस धुऊन नेईल अशी. आणि गाव वर गेलं तरी बाजार, दवाखाना, मेढ्याची वाट, सगळं राहिलं पाण्यापलीकडे. पूर्वी आजा सकाळी निघून नदी उतारातून ओलांडायचा आणि दुपारी बाजार करून घरी यायचा. आता मधे सागर होता.

शिवसागरातल्या नौकाविहाराचा इतिहास इथून सुरू होतो. शेजारच्या महाबळेश्वरात वेण्णा तलाव आहे. 1842 साली साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी तो बांधवला, आणि तिथली होडी आज ओळखली जाते ती हौसेची म्हणून. आमच्याकडे होडी आली गरजेपोटी. लाँच दिवसातून ठरलेल्या वेळेला यायची. ती चुकली की आबांची लाकडी होडी. तिच्यातून शेळ्या गेल्या, लग्नाची वऱ्हाडं गेली, शाळेची पोरं गेली, मीही गेलो. माझी धाकटी आत्या पहिल्या बाळंतपणात अडली ती श्रावणातली रात्र होती. वारा पश्चिमेचा, लाटा आडव्या. आबा आणि चुलते दोघं वल्ही मारत होते. पलीकडच्या काठाला लागेपर्यंत उजाडलं. आत्या वाचली, मूल वाचलं नाही. आबा या गोष्टीवर नंतर कधी बोलले नाहीत, पण त्यानंतर रात्री कुणी हाक मारली तर त्यांनी पैसे घेतले नाहीत.

1967 च्या डिसेंबरची 11 तारीख इथल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. पहाटे साडेचारच्या सुमाराला भूकंप झाला. कोयनानगरच्या बाजूला पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. आमची घरं कुडाची होती म्हणून आम्ही बचावलो. मला आठवतं ते पाणी. वारा नसताना सगळा सागर काठावर आपटत होता आणि बांधलेली होडी दोर तोडून निघून गेली होती. आबांना ती दोन दिवसांनी सापडली.

मग पर्यटक आले. महाबळेश्वरला आलेली माणसं घाट उतरून तापोळ्याला यायला लागली. कुणीतरी ‘मिनी काश्मीर’ असं नाव ठेवलं. मला ते नाव पटत नाही. हे जावळीचं खोरं आहे, 1656 साली शिवाजी महाराजांनी मोऱ्यांकडून घेतलेलं. त्याला दुसऱ्याच्या नावाची गरज नाही. माझा थोरला भाऊ तेव्हा मुंबईत मशीद बंदरला माथाडी कामगार होता. जावळीतल्या प्रत्येक घरातला एक तरी माणूस तिकडे पाठीवर पोती वाहत होता. भावाने पाठीवरच्या पोत्यांतून साठवलेल्या पैशांतून होडीला इंजिन घेतलं. आबांनी आठवडाभर त्या इंजिनाला हात लावला नाही. आवाजामुळे खालचं ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पुढे बोट क्लब झाले, आणि या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती तिथली नंबराची पद्धत. गावागावातल्या होड्या एकत्र आल्या, दर ठरले, पावती आली. पर्यटक कुणाच्याही होडीकडे बघून बसू शकत नाही. ज्याचा नंबर, त्याची फेरी. त्यामुळे ज्याची होडी जुनी, त्यालाही दिवसाकाठी एखादी फेरी मिळते. सहकार शिकवायला इथे कुणी आलं नव्हतं. एकाच खाचराचं पाणी वाटून घेणाऱ्या माणसांना तो ठाऊकच होता.

होडीचं मोल पुढे वाढत गेलं, कारण बाकीचं कमी होत गेलं. 1985 ला कोयना अभयारण्य झालं, 2010 ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. जंगल राखलं पाहिजे, वासोटा किल्ल्याच्या पायथ्याची झाडी बघितली की मलाही तसंच वाटतं. पण गुरं चारायची रानं गेली, आणखी काही गावं उठली. ज्यांचं एकदा पाण्याने गेलं होतं, त्यांचं दुसऱ्यांदा जंगलाने गेलं. आज बामणोलीहून वासोट्याला जायचं तर वनखात्याची परवानगी काढून होडीने तास-दीड तास जावं लागतं. तो ट्रेकर ज्या होडीत बसतो ती बहुधा अशाच एखाद्या घरची असते. 2012 साली कास पठार पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं आणि फुलं बघायला आलेली गर्दी तशीच पुढे बामणोलीला उतरू लागली. 2024 मध्ये मुनावळ्याला सरकारचं जलक्रीडा केंद्र सुरू झालं. वेगवान बोटी आल्या, जेट स्की आल्या.

त्याला माझा विरोध नाही. नातू तिथे जाऊन आला, खूश झाला. माझं म्हणणं एकच आहे. या जलाशयाने आमच्याकडून खोरं घेतलं आणि परत दिली ती एवढी होडी. वीज खाली गेली, पाणी बोगद्यातून गेलं, फक्त पाण्याचा वरचा पातळसा थर आमच्या पोरांच्या वाट्याला आला. इथे नवा परवाना, नवी बोट, नवी नोकरी निघेल तेव्हा ती आधी धरणग्रस्तांच्या घरात गेली पाहिजे. कागदावर मागे लिहिलेली ओळ म्हणून नको, पहिल्या नंबरावर हवी.

आबा 1996 साली गेले. तुम्ही याल तेव्हा जमलं तर मे महिन्यात या. पाणी बरंच उतरलेलं असतं, धक्का गाळातून खाली सरकवलेला असतो, चालायला त्रास होतो. पण तेव्हाच जोती उघडी पडतात, विहिरीचे कठडे दिसतात. लाइफ जॅकेट घाला आणि नावाड्याला त्याच्या जुन्या गावाची जागा दाखवायला सांगा. तो होडी हळू करेल.