फ्रान्सच्या राणीला सिनेमा मिळाला, आपल्या राणीला मारबत

सोफिया कोपोलाचा 'मारी आंत्वानेत' २००६ मध्ये आला. त्यात एक शॉट आहे. अठराव्या शतकातल्या रेशमी बुटांच्या ढिगात मध्येच एक कॉन्व्हर्सचा स्नीकर दिसतो. मागे ऐंशीच्या दशकातलं पॉप गाणं वाजतंय, समोर केक आणि शॅम्पेन, आणि शूटिंग खऱ्याखुऱ्या व्हर्सायच्या राजवाड्यात. कान महोत्सवात काही लोकांनी या सिनेमाची हुर्यो उडवली. पुढे वेशभूषेचं ऑस्कर त्याला मिळालं. आज तुमच्या फोनवर त्याचे तुकडे रील म्हणून फिरतात, आणि ते फिरवणाऱ्या अनेकांना फ्रेंच राज्यक्रांतीचं सालही माहीत नसतं.

स्नीकर तिथे उगाच ठेवलेला नाही. पडद्यावरची ती बाई आधी एक टीनएजर होती, एवढंच दिग्दर्शिकेला सांगायचं होतं. मारी आंत्वानेत ऑस्ट्रियातून फ्रान्समध्ये आली ती १७७० साली, चौदा वर्षांची असताना. लग्न म्हणजे दोन देशांमधला करार होता. आणि जे वाक्य जगभर तिच्या नावावर खपतं, म्हणजे लोकांना भाकरी मिळत नसेल तर केक खाऊ द्या, ते ती बोलल्याचा कुठलाही पुरावा नाही. रूसोने आत्मचरित्रात असलं वाक्य एका बिननावाच्या राजकन्येच्या तोंडी घातलंय. त्याने तो भाग लिहिला तेव्हा मारी व्हिएन्नातली शाळकरी वयाची पोर होती. तरी वाक्य तिलाच चिकटलं. परकी, खर्चिक आणि बाई, एवढं भांडवल लोकांना पुरेसं होतं.

असा सिनेमा आपल्याकडे कधी येईल, याची मी वाट बघतोय. नायिका कोण, हे माझ्यापुरतं ठरलेलं आहे: नागपूरची बाकाबाई भोसले.

हे नाव ऐकलं नसेल तर त्यात नवल नाही. पण विदर्भात वाढला असाल तर तिचा पुतळा तुम्ही बहुधा पाहिला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांपासून ही मिरवणूक चालू आहे. सोबत बडगे असतात. कुठे महागाईचा बडग्या, कुठे भ्रष्टाचाराचा, कुठे त्या वर्षी लोकांच्या डोक्यात गेलेल्या एखाद्या पुढाऱ्याचा. ईडापीडा, खोकला, रोगराई घेऊन जा, असं ओरडत लोक मारबतीला गावाबाहेर नेतात आणि जाळतात. कोणी म्हणतं ही पूतना मावशी. पण काळ्या मारबतीबद्दल नागपुरात जास्त सांगितलं जातं ते वेगळंच: ही बाकाबाई, जिने इंग्रजांशी हातमिळवणी करून राज्य बुडवलं.

आपल्या वर्धा जिल्ह्यातही मारबत आहेच. पोळ्याला दाराशी ठेवलेले पळसाचे मेढे दुसऱ्या दिवशी सकाळी उचलून शिवेबाहेर टाकायचे, आणि त्यांच्यासोबत घरातलं दुखणंखुपणं हाकलायचं. त्याच दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार बोजारा गोळा करतात, आणि सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा बघायला तर बाहेरगावाहून लोक येतात. आता गंमत बघा. तान्हा पोळा सुरू केला दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी, असं सांगतात. बाकाबाई या रघुजींची लाडकी राणी. म्हणजे एकाच दिवशी नवऱ्याच्या नावाने पोरांना खाऊ आणि बायकोच्या नावाने होळी.

आता तिच्यावरचा आरोप तपासू. त्यासाठी दोनशे वर्षं मागे जावं लागेल. तेव्हा वर्धा नावाचा जिल्हा नव्हता. तो १८६२ मध्ये नागपूरमधून वेगळा काढला गेला. आर्वी, हिंगणघाट, सेलू हा सगळा पट्टा भोसल्यांच्या राज्यात होता. म्हणजे ही आपल्या खापरपणजोबांची राणी.

दुसरे रघुजी मार्च १८१६ मध्ये वारले. इंग्रजांची तैनाती फौज त्यांनी शेवटपर्यंत राज्यात घेतली नव्हती. मुलगा परसोजी गादीवर आला, पण तो शरीराने आणि बुद्धीने राज्य चालवण्याच्या स्थितीत नव्हता. बाकाबाई आणि तिच्या बाजूचे धर्माजी भोसले यांनी कारभार हातात घेतला. समोर उभा राहिला रघुजींचा पुतण्या आप्पासाहेब. काही आठवड्यांत त्याने धर्माजींना कैद केलं, बाकाबाईला बाजूला सारलं आणि स्वतः कारभारी झाला. खुर्ची मात्र डगमगत होती. ती टिकवायला त्याने काय केलं? २७ मे १८१६ रोजी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. फौज कंपनीची, खर्च नागपूरचा, वर्षाला साडेसात लाख रुपये.

तहावरचं हे नाव लक्षात ठेवा. नागपूरच्या दारात इंग्रजी फौज आणणारी सही आप्पासाहेबाची आहे. त्याच्या आड येणारा गट बाकाबाईचा होता.

पुढच्या वर्षी, १ फेब्रुवारी १८१७ ला परसोजी अंथरुणात मेलेला सापडला. आप्पासाहेब त्या वेळी चांद्याला होता. खून त्यानेच करवला, असं नंतर पुढे आलं. मग तोच आप्पासाहेब इंग्रजांवर उलटला. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली आणि तो हरला. एप्रिल १८१८ मध्ये वर्धा नदीच्या पलीकडे, पांढरकवड्याजवळ दुसऱ्या बाजीरावाचाही पराभव झाला. मदत येण्याची आशा तिथे संपली. आप्पासाहेब कैदेतून निसटला, महादेवाच्या डोंगरांत राहून झुंजला आणि शेवटी १८४० मध्ये जोधपूरला वारला. त्याची झुंज खोटी नव्हती, आणि इतिहासाने त्याला त्याबद्दल मानाचं पान दिलं. फक्त ते पान देताना १८१६ चं पान कुणीतरी हळूच उलटून टाकलं.

१८१८ मध्ये इंग्रजांनी रघुजींच्या मुलीच्या लहान मुलाला दत्तक देववून तिसरा रघुजी म्हणून गादीवर बसवलं. राज्यकारभार रेसिडेंट जेनकिन्सकडे गेला. राजवाडा आणि पोराचा सांभाळ बाकाबाईकडे आला. इथे तिचा फायदा झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. तिचा शत्रू हरला होता आणि ती वाड्यात परत मोठी झाली होती. ज्यांची माणसं सीताबर्डीला पडली, त्यांना हे कसं दिसलं असेल, याची कल्पना करता येते.

आता थेट डिसेंबर १८५३. तिसरे रघुजी पुत्र नसताना वारले. घराण्यातल्या यशवंतराव नावाच्या मुलाने अंत्यविधी केला आणि राण्यांना तोच दत्तक हवा होता. लॉर्ड डलहौसीने जानेवारी १८५४ मध्ये निकाल दिला: वारस नाही, राज्य खालसा. त्याच्या कौन्सिलातल्या जॉन लो या अधिकाऱ्याने विरोध नोंदवला, उपयोग झाला नाही. डलहौसीच्या टिपणात दत्तकाच्या कायद्यासोबत आणखी एक विषय आहे: कापूस. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा चांगला कापूस या भागात पिकतो, आणि तो मुलूख ब्रिटिशांच्या हाती असणं इंग्लंडच्या हिताचं आहे, असा त्याचा सूर. या कापसात हिंगणघाटचा कापूस आला, वर्धेच्या खोऱ्यातला आला. म्हणजे ज्या काळ्या मातीचं आपण कौतुक करतो, तीच राज्य जाण्याचं एक कारण ठरली. पुढे कापूस सांभाळण्यासाठीच नागपूरमधून वर्धा जिल्हा वेगळा निघाला.

राज्य गेलं, मग वाडा. भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल लिलावात मातीमोल गेले. दागिने विक्रीसाठी कलकत्त्याला गेले. वाड्यातलं सामानसुमान काढायची वेळ आली तेव्हा म्हाताऱ्या बाकाबाईने बजावलं की सामानाला हात लावाल तर वाड्याला आग लावीन. हे जॉन के या इंग्रज इतिहासकाराने नोंदवलंय. ज्या बाईला आपण दरवर्षी इंग्रजांची हस्तक म्हणून जाळतो, तिने इंग्रजांच्या तोंडावर ही धमकी दिली होती.

गोष्ट इथे थांबली असती तर सोपी होती. पण तीन वर्षांनी १८५७ आलं. १३ जून १८५७ च्या रात्री नागपूरच्या घोडदळाचा उठावाचा बेत होता. तो फसला, आणि बेतातल्या काहींना सीताबर्डीच्या किल्ल्यावर फाशी झाली. या काळात बाकाबाईने आपलं सगळं वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकलं. आप्तांना, सरदारांना उठावापासून दूर ठेवलं. नागपूर आणि आसपासचा मुलूख शांत राहिला त्यात तिचा मोठा वाटा होता, असं इंग्रजांच्या गॅझेटियरमध्येच लिहिलंय. सप्टेंबर १८५८ मध्ये ती वारली. नंतर सरकारने दत्तक जानोजीला, म्हणजे त्याच यशवंतरावाला, देऊरचा राजाबहादूर म्हणून मान्यता दिली. राज्य परत आलं नाही. घराणं मात्र राहिलं.

म्हणजे आरोप दोन आहेत आणि आपण त्यांचा एकच गोळा केलाय. तिने इंग्रजांना आणलं, हा पहिला. तो खोटा आहे, तहावरची सहीच सांगते. १८५७ मध्ये ती इंग्रजांच्या बाजूने उभी राहिली, हा दुसरा. तो खरा आहे. मारी आंत्वानेतचंही नेमकं असंच आहे. केकचं वाक्य खोटं, पण मार्च १७९२ मध्ये फ्रान्सच्या लष्करी योजना तिने ऑस्ट्रियाला कळवल्या, हे खरं. गैरसमज झालेली राणी निर्दोष असतेच असं नाही. लोक तिला भलत्याच गुन्ह्यासाठी लक्षात ठेवतात, एवढंच.

त्याच डलहौसीने त्याच १८५४ मध्ये झाशीही खालसा केली. लक्ष्मीबाई तेव्हा विशी-पंचविशीतली होती, पुढे लढली आणि १८५८ मध्ये रणात पडली. बाकाबाईने साठ वर्षं दरबार पाहिला होता. सीताबर्डीचा पराभव आठवत होता. कामठीची इंग्रजी छावणी हाकेच्या अंतरावर होती, आणि पदरात एक दत्तक पोर होतं ज्याचं भवितव्य सरकारच्या एका कागदावर अवलंबून होतं. तिचा निर्णय भित्रा होता का? असेल. स्वार्थी होता का? घराण्यापुरता नक्कीच. मला तो पटत नाही. पण तो निर्णय होता, एका म्हाताऱ्या बाईने विचार करून घेतलेला, आणि आपण त्याचं काळ्या कागदाचं भूत केलं. राण्यांसाठी आपल्याकडे दोनच साचे आहेत: घोड्यावरची वीरांगना किंवा वाड्यातली कारस्थानी. सोयराबाईंना, आनंदीबाईंना विचारा.

म्हणून सिनेमा हवा. पण कसला? आपल्याकडे काय होतं ते आपण पाहिलंय. २०१५ मध्ये 'बाजीराव मस्तानी'तल्या 'पिंगा'वर काशीबाई नाचली कशी म्हणून गदारोळ झाला. २०२५ मध्ये 'छावा'तला लेझीमचा प्रसंग प्रदर्शनाआधीच काढावा लागला. माणूस म्हणून दाखवलेला पूर्वज आपल्याला झेपत नाही. कोपोलाने राणीला कंटाळलेली, गोंधळलेली, चुकणारी दाखवलं, आणि गिलोटिन दाखवलंच नाही. तिचा सिनेमा व्हर्साय सोडण्यापाशी संपतो, शेवटी दिसतं ते फोडतोड झालेलं शयनगृह.

आपल्या सिनेमाचा पहिला अंक मला १८१६ चा हवा: नुकतीच विधवा झालेली राणी, वाड्यात रोज बदलणाऱ्या निष्ठा, आणि रात्रीत होणारा तह. मध्ये लिलावाचा मैदानातला गोंगाट. कपडेपट चकचकीत असू द्या, संगीत वाटलं तर आजचं असू द्या, माझी काही हरकत नाही. फक्त १८५७ ची ती रात्र कापू नका, आणि ती गोडही करू नका. कारण तिला क्लीन चिट देणारा सिनेमा हा मारबतीइतकाच खोटा ठरेल.

आणि शेवट? बाकाबाई गेल्यानंतर सहा वर्षांनी, १८६४ मध्ये, भोसल्यांचा तो काळ्या दगडाचा भव्य वाडा आगीत जळाला. दिग्दर्शकाने कॅमेरा तिथे लावावा. त्यानंतर पोळा येतोच.