गोड्या पाण्याची बाव

आमचं देवबाग म्हणजे मालवणच्या दक्षिणेला गेलेली वाळूची एक लांब, चिंचोळी पट्टी. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्लीची खाडी, आणि मध्ये माडांच्या सावलीत आम्ही. कर्ली नदी सह्याद्रीतून येते. समुद्र हाकेच्या अंतरावर आला तरी ती त्याला भेटत नाही. पट्टीच्या आडोशानं तशीच खाली वाहत जाते आणि गावाच्या टोकाला, संगमावर भेटते. शाळेत गुरुजींनी सांगितलं की भूगोलात याला वाळूचा दांडा म्हणतात, तेव्हा आम्हा पोरांना रागच आला होता. आमचा गाव म्हणजे काय नुसता दांडा?

घरामागे आजीची बाव होती. एका बाजूचं पाणी खारं, दुसऱ्या बाजूचंही खारं, आणि मधल्या बावीचं मात्र गोड. हे कसं, असं विचारलं की आजी म्हणायची, "देवाची बाग असा ही. देवान आपल्या बागेक पाणी नको ठेवूक?"

कारण मला फार उशिरा कळलं. पावसाचं पाणी वाळूत मुरतं. ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं, म्हणून आत त्याच्यावर तरंगून राहतं. पट्टी जितकी रुंद तितका हा थर जाड. पट्टी बारीक झाली किंवा उपसा वाढला, की खालचं खारं वर सरकतं.

एकदा हे समजल्यावर आमच्या किनाऱ्याचा इतिहास मी पाण्याच्या बाजूनं बघायला लागलो. तोफा आणि तहनामे पुस्तकांत भरपूर आहेत, पण जहाजावरच्या माणसाला आधी प्यायला पाणी लागतं. शिवाजी महाराजांनी 1664 साली मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं. भोवती पाण्याखालचे खडक, त्यामुळे परक्या जहाजाला जवळ येणं अवघड. हे सगळे सांगतात. पण आत गोड्या पाण्याच्या तीन बावी आहेत, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. त्या नसत्या तर एवढ्या तटबंदीचं काय केलं असतं? 1765 मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं. ते नाव इथल्या कुणाच्या तोंडी बसलं नाही. साखरबाव मात्र साखरबावच राहिली. पुढे 1812 साली मालवण इंग्रजांकडे गेलं ते गेलंच.

खाली वेंगुर्ल्याला 1637 मध्ये डचांनी वखार घातली. गोव्यातल्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला ती जागा सोयीची होती. तिच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. डच गेले, इंग्रज आले, मग मुंबईच्या आगबोटी आल्या.

आगबोटींचा काळ आमच्या घरात अजून बोलला जातो. आजोबा मुंबईला गिरणीत होते. बोट मालवणला खोल पाण्यात थांबायची आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या सगळं होडीतून काठावर यायचं. पावसाळ्यात बोट बंद, म्हणजे मुंबईही बंद. आजोबा मालवणहून चालत घरी आले की कुणाशी न बोलता आधी बावीवर जायचे. कळशी ओढून ओंजळीनं पाणी प्यायचे आणि मगच म्हणायचे, "इलंय गे."

त्याच आजोबांच्या नावाची जमीन आज सातबाऱ्यावर जेवढी दिसते तेवढी गावात दिसत नाही. समुद्राकडची माडांची पहिली रांग माझ्या लहानपणीच गेली होती. दुसरी हळूहळू गेली. 16 मे 2021 ला तौक्ते वादळ आलं, त्या रात्री तिसऱ्या रांगेतले चार माड मुळांसकट आडवे झाले. सकाळी त्यांच्या शेंड्यांवरून लाटा जात होत्या. किनाऱ्याला दगडांचा बंधारा आहे. तो असतो तिथे थोडं थांबतं, संपतो तिथून समुद्र वळसा घालून आत येतो. रापणीवर उभं आयुष्य गेलेले शेजारचे काका म्हणाले, "दर्या खाता तसो ओकता पण. फक्त खंय ओकतलो, ता सांगणा नाय." संगमाजवळ वाळूचं एक बेट वर आलंय. लोक त्याला त्सुनामी आयलंड म्हणतात, पर्यटकांना होडीतून तिथं नेतात. त्यात आमच्या पुळणीची वाळू किती, कोण मोजणार!

पण सगळा दोष दर्यावर टाकून मला मोकळं होता येत नाही. मी घरामागे पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या. माणसं आली की आंघोळीला पाणी हवं, म्हणून बावीवर पंप बसवला. शेजाऱ्यांनीही बसवला. पोरांची शिक्षणं त्या खोल्यांवर झाली, हेही खरं. तिसऱ्या उन्हाळ्यात आई म्हणाली, डाळ शिजत नाही. मी म्हटलं, डाळच जुनी असेल. तिनं मुकाट्यानं बावीचं पाणी तांब्यात भरून माझ्यापुढे ठेवलं.

आता प्यायला नळाचं पाणी घेतो. पाहुण्यांना पाटी लावून सांगतो की पाणी जपून वापरा, आणि ते मान डोलावून शॉवरखाली अर्धा तास उभे राहतात. पंप मी दिवसातून एकदाच, तोही थोडाच वेळ चालवतो. एक खोली बंद ठेवली आहे. बायकोशी त्यावरून अजून वाद होतो.

यंदा श्रावणात सहज कळशी टाकली. चाखून बघितलं तर पाणी गोड, अगदी पहिल्यासारखं. धावत जाऊन आईला सांगितलं. ती नारळ खवत होती. वर न बघताच म्हणाली, "मे म्हयन्यात चाख, आणि मगे सांग माका."